टिपेश्वर: फाटकाच्या आत आणि बाहेर

यवतमाळ जिल्ह्याची ओळख गेली पंचवीस वर्षे दोनच गोष्टींनी झाली आहे, कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यात अलीकडे तिसरी गोष्ट येऊन मिळाली, वाघ. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 पांढरकवडा मागे टाकून पाटणबोरीकडे निघतो, तिथे सुन्ना गावाजवळ टिपेश्वर अभयारण्याचे एक फाटक आहे. सुटीच्या दिवसांत पहाट फुटायच्या आत इथे जिप्सींची रांग लागते. नागपूर, अमरावती, नांदेड, आदिलाबाद, हैदराबाद, पुणे अशा चहूकडच्या गाड्या असतात. ताडोबाचे बुकिंग मिळाले नाही म्हणून पूर्वी लोक इकडे वळत. आता मुद्दाम टिपेश्वरलाच येणारे वाढले आहेत.

हे अभयारण्य 1997 साली जाहीर झाले. क्षेत्रफळ अवघे 148 चौरस किलोमीटर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प 1,700 चौरस किलोमीटरहून मोठा आहे, म्हणजे टिपेश्वर त्याच्या जेमतेम बाराव्या हिश्शाचे. सागाचे पानझडी जंगल, मध्येच कुरणे, उतरत्या टेकड्या आणि टिपाई देवीचे ठाणे. अभयारण्याला नावही तिचेच. टिपेश्वर, मारेगाव आणि पिटापुंगरी ही गावे एकेकाळी या जंगलाच्या पोटात वसलेली होती. पुनर्वसनानंतर गावांच्या पडीक शेतांवर गवत वाढले, गवतामागे चितळ, सांबर, रोही आले आणि त्यांच्यामागे वाघ. गावकऱ्यांनी जागा सोडली म्हणून वाघाला जागा मिळाली, ही गोष्ट सफारीच्या गाडीत बसणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवी.

पर्यटनाच्या अनेक माहितीपत्रकांत आणि जाहिरातींत या जंगलाला पूर्णा, कृष्णा, भीमा आणि तापी या नद्यांचे पाणी मिळते असे छापलेले असते. एकाचे वाचून दुसरा उतरवून घेतो. यातल्या भीमा, कृष्णा, तापी या नद्या यवतमाळच्या जवळपासही फिरकत नाहीत. इथले नाले पैनगंगेच्या खोऱ्यातले. पांढरकवड्याजवळून वाहणारी खुनी नदीही पैनगंगेलाच मिळते. चूक किरकोळ वाटेल, पण ज्या ठिकाणाच्या पाण्याचे नावही कुणी तपासत नाही, तिथल्या माणसांबद्दल किती तपासले जात असेल, हा प्रश्न उरतो.

जिल्ह्यात आणखी जंगले आहेत. उमरखेडकडे पैनगंगेच्या वळणात पैनगंगा अभयारण्य आहे. तीन बाजूंनी नदी आणि पलीकडे नांदेड जिल्हा. क्षेत्रफळाने ते टिपेश्वरच्या दुपटीहून मोठे, पण पर्यटकांची गर्दी तिथे नाही. त्याच नदीवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. तिथे पावसाळ्यात लोक लोटतात आणि मागे प्लास्टिकचा ढीग सोडून जातात. पुसदकडे इसापूर धरणाच्या परिसरातही अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात. पण ‘यवतमाळचे निसर्गपर्यटन’ म्हटले की आज तरी टिपेश्वरचे नाव आधी येते आणि बहुतेकदा तिथेच थांबते.

टिपेश्वरची अडचण नकाशा पसरला की लगेच कळते. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या अथांग शेतांमध्ये हे जंगल बेटासारखे उरले आहे. समुद्रातल्या बेटावर राहणाऱ्या प्राण्याला पोहून जावे लागते, इथल्या वाघाला पिकातून चालत जावे लागते. वाघीण दर दोन-अडीच वर्षांनी पिले वाढवते. नर बछडा दोन वर्षांचा झाला की त्याला स्वतःचा इलाखा हवा असतो, आणि 148 चौरस किलोमीटरमध्ये जागा आधीच भरलेली असते. मग तो निघतो.

असा निघालेला एक वाघ साऱ्या जगाला माहीत झाला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि वनविभागाने 2019 च्या फेब्रुवारीत टिपेश्वरमधल्या टी-1 या वाघिणीच्या तरुण नराला रेडिओ कॉलर लावली. त्याचा क्रमांक टी-1-सी-1. पावसाळ्याच्या तोंडाला त्याने घर सोडले. पैनगंगा अभयारण्य, पुसदचा भाग, तेलंगणातले आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे वळसे घेत 2019 च्या डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर. पुढे तो फिरतच राहिला आणि कॉलर काढेपर्यंत त्याच्या प्रवासाचा आकडा 3,000 किलोमीटरच्या पुढे गेला. भारतात नोंदला गेलेला वाघाचा हा सर्वांत लांब प्रवास ठरला. दिवसा तो पिकात, नाल्याच्या झुडपात दडून राही आणि रात्री चाले. शेकडो गावांच्या शिवारांतून गेला, पण मुद्दाम माणसावर चालून गेल्याची नोंद नाही. तो विसावलेल्या झुडपात शिरलेल्या एका माणसाला इजा झाली, एवढीच एक घटना.

पाच वर्षांनी तेच पुन्हा घडले. 2024 च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला. पट्टे जुळवून पाहिले तर तो टिपेश्वरचा निघाला. मराठवाड्याच्या त्या कोपऱ्यात वाघ पाहिलेली पिढी कधीच संपली होती. यवतमाळचे जंगल लहान असले तरी ते अर्ध्या महाराष्ट्राला आणि पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाला वाघ पुरवते. म्हणूनच टिपेश्वरच्या संवर्धनाचा हिशेब टिपेश्वरच्या हद्दीत करून भागत नाही. खरा हिशेब केळापूर, झरी जामणी, घाटंजी, मारेगाव, वणी, राळेगाव या तालुक्यांच्या शिवारात करावा लागतो.

आणि राळेगाव म्हटले की अवनी आठवते.

अवनी ही पांढरकवडा वनविभागातली टी-1 वाघीण. ज्या टी-1 चा बछडा बुलडाण्यापर्यंत गेला ती टिपेश्वर अभयारण्यातली, अवनी अभयारण्याबाहेरची. क्रमांक सारखा असल्याने अनेक लेखांत या दोघींची गल्लत झालेली आहे. राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात सुमारे दोन वर्षांत 13 माणसांचे बळी गेले आणि त्यांतले बरेच तिच्या नावावर जमा झाले. 2018 मध्ये आधी बेशुद्ध करून पकडा, ते जमले नाही तर ठार करा, असा आदेश वनविभागाने काढला. प्राणिमित्र संस्था न्यायालयात गेल्या. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतर हत्ती, कॅमेरे, ड्रोन, शिकारी कुत्रे, इतकेच काय, तिला आकर्षित करण्यासाठी परदेशी अत्तरही आणले गेले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटी गावाजवळ तिला गोळी घालण्यात आली. मागे दहा-अकरा महिन्यांची दोन पिले होती. त्यातल्या मादीला डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेले. 2021 मध्ये मोकळ्या जंगलात सोडल्यावर काही दिवसांतच ती मरण पावली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मोहिमेतल्या चुका दाखवून दिल्या. ज्या रीतीने ते सगळे झाले ती रीत चुकीची होती, हे आज जवळपास सर्वांनाच मान्य आहे.

पण त्या दोन वर्षांत शहरांतल्या मेणबत्ती मोर्चांत जे दिसले नाही तेही लिहून ठेवले पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस फुटतो. बाया पहाटे शेतात जातात, कमरेला फडक्याची ओटी बांधतात आणि ओळीने वाकून वेचणी करतात. कापसाचे झाड कमरेच्या वर जाते, त्यामुळे वाकलेली बाई दहा पावलांवरून दिसत नाही. तिलाही समोरचे काही दिसत नाही. वाघ चवताळलेला असो वा नसो, ही स्थिती धोक्याचीच. बोराटी, सराटी, विहीरगाव, लोणी अशा गावांत त्या हंगामात मजूर मिळेनात. माणसे घोळक्याने शेतात जात आणि दिवस मावळायच्या आत परतत. जागल बंद पडली आणि जागल बंद म्हणजे रानडुकराला रान मोकळे. उभे पीक गेले. वाघाने मारलेल्या माणसाची भरपाई मिळते, पण वाघाच्या भीतीने न झालेल्या जागलीत गेलेल्या पिकाचा पंचनामा कुणी करत नाही.

अवनीसाठी देशभर जी चळवळ उभी राहिली तिने वाघाचा प्रश्न घराघरांत नेला. पुढे ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट आला, त्यातही या प्रकरणाचे पडसाद अनेकांना दिसले. मात्र चळवळीची बहुतेक ताकद एका वाघिणीचा जीव वाचवण्यात आणि ती गेल्यावर दोषी शोधण्यात गेली. ते करायला हवेच होते. पण ज्या शिवारात पुढची वाघीण येणार होती, तिथे मुक्कामाला किती संस्था राहिल्या? वाघ तर येतच राहिले. 2021 च्या एप्रिलमध्ये झरी जामणी तालुक्यात मुकुटबनच्या जंगलात गुहेत एक गाभण वाघीण क्रूरपणे मारली गेली. तिचे पंजे कापून नेले होते. 2025 च्या जानेवारीत टिपेश्वरमधल्या एका वाघिणीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात काही महिन्यांपासून रुतलेला तारेचा फास काढावा लागला. असा फास बहुतेकदा वाघासाठी नसतो, रानडुकरासाठी किंवा चितळासाठी लावलेला असतो. तो लावणारा माणूस कोण, तो का लावतो आणि त्याला दुसरे काय देता येईल, हे काम दिल्लीत किंवा मुंबईत बसून होणारे नाही.

हे काम करणारी माणसे जिल्ह्यात आहेत. फक्त त्यांना कुणी पर्यावरण संस्था म्हणून ओळखत नाही.

घाटंजी-यवतमाळ भागात रुजलेल्या ‘दिलासा’ या संस्थेने नाल्यांमधल्या डोहांचे काम केले. गाळाने भरलेल्या नाल्याच्या पात्रात ठरावीक अंतरावर खोल डोह खणायचे. पावसाचे पाणी त्यात थांबते, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना त्यातून उपसता येते आणि जमिनीतही मुरते. खर्च बंधाऱ्यापेक्षा कमी. हे काम शेतकऱ्यासाठी झाले, पण वर ज्या वाघाचा प्रवास सांगितला तो नाल्यानाल्यानेच चालत गेला. पाणी टिकलेला, काठाला झाडझाडोरा असलेला नाला म्हणजेच वन्यप्राण्यांची वाट. कोणत्या नाल्यात डोह घ्यायचे आणि कोणत्या काठाची झुडपे राखायची, हे वन्यजीव अभ्यासक आणि ‘दिलासा’सारख्या संस्था एकत्र बसून ठरवतील तर कॉरिडॉर नावाची गोष्ट कागदावरून जमिनीवर येईल.

ग्रामीण समस्या मुक्ती ट्रस्टने वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचे दावे तयार करण्यात गावांना मदत केली. पांढरकवडा भागात ‘सृजन’ संस्था कोलाम समाजात, विशेषतः बायांमध्ये काम करते. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांत जंगलाला लागून असे कितीतरी पोड आहेत. वाघ अभयारण्यातून बाहेर पडला की अनेकदा पहिली वस्ती लागते ती पोडाची. 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जंगलाचा हक्क देतो आणि त्याच कायद्याचे पाचवे कलम वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याची जबाबदारीही तिच्यावर टाकते. ग्रामसभेच्या हाती हक्क आला तर ती फास लावणाऱ्याला विचारू शकते. हक्क नसेल तर जंगल वनखात्याचे, फास लावणाराही वनखात्याचाच प्रश्न, आणि गाव गप्प. संवर्धन करणाऱ्या अनेक मंडळींना वनहक्क म्हटले की जंगलावरचे अतिक्रमण आठवते. यवतमाळच्या संदर्भात तरी ही भीती उलटी आहे.

शहरात साप, जखमी पक्षी आणि प्राणी सोडवणाऱ्या तरुणांचे गटही आहेत. एमएच-29 हेल्पिंग हँड्स हा यवतमाळचा असाच एक गट. घरात निघालेला साप मारण्याऐवजी फोन करायचा, ही सवय जिल्ह्यात अशाच पोरांनी लावली. त्यांच्या कामाला पैसे नाहीत आणि विमाही क्वचितच. निसर्गपर्यटनाच्या उत्पन्नातून सर्वांत आधी कुणाला काही द्यायचे असेल तर या गटांना प्रशिक्षण आणि विमा द्यावा.

पर्यटनाचा पैसा जातो कुठे, हा पुढचा प्रश्न. प्रवेशशुल्क, गाडीचे भाडे, मार्गदर्शकाचे मानधन, राहण्या-जेवणाचा खर्च अशा चार वाटांनी पर्यटक पैसे सोडतो. गाडी आणि मार्गदर्शकाचा पैसा बऱ्याच अंशी फाटकाजवळच्या गावांत राहतो आणि ही चांगली गोष्ट आहे. सुन्ना आणि माथनीसारख्या गावांतल्या मुलांना त्यातून रोजगार मिळाला. एखाद्या पोराला ठशावरून वाघीण ओळखता येते आणि तो ते ज्ञान अभिमानाने सांगतो, हा बदल छोटा नाही. राज्य सरकारच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अभयारण्यालगतच्या गावांत परिस्थितीकी विकास समित्या झाल्या आणि गॅस, शौचालय, सौर कुंपण अशा गोष्टी पोचल्या. चुलीसाठी जंगलात जाणे कमी झाले की वाघाशी गाठ पडणेही कमी होते.

पण हा सगळा लाभ अभयारण्याच्या कडेकडेने फिरतो. वाघ मात्र तिथून तीस, चाळीस, शंभर किलोमीटर दूर जातो. त्याच्या वाटेवर येणाऱ्या पोडाला पर्यटनातून एक रुपयाही मिळत नाही. तिथे पर्यटक जात नाही, जाणारही नाही, कारण वाघ दिसायची खात्री नाही. त्यात टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नसल्याची अडचण आहे. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर या राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांना कायद्याने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान मिळते आणि पर्यटनाचे उत्पन्न त्यातून स्थानिक कामांवर खर्चता येते. वाघांची पैदास मोठी असूनही टिपेश्वरला ती चौकट मिळालेली नाही. व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा की नाही यावर गावांचे मत वेगळे असू शकते आणि ते विचारल्याशिवाय निर्णय होऊ नये. पण पैशाची व्यवस्था त्याची वाट न पाहता करता येईल. प्रत्येक सफारीमागे ठरावीक रक्कम बाजूला काढून ती वाघाच्या वाटेवरच्या ग्रामसभांना द्यायची, एवढा निर्णय राज्य पातळीवर घेता येण्यासारखा आहे.

सफारीचा हंगाम आणि गावाचा हंगाम एकाच वेळी येतात, याकडेही फारसे कुणी पाहत नाही. मार्च ते मे हा पर्यटकांचा आवडता काळ. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो, हमखास दिसतो. याच महिन्यांत मोह पडतो. पहाटे अंधारात माणसे झाडाखाली जाऊन फुले गोळा करतात, वाकून, एकेकटी. त्यामागोमाग तेंदूपानांचा हंगाम. फाटकाच्या आत लोक वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडतात आणि फाटकाबाहेर त्याच पहाटे तो दिसू नये म्हणून. मोहाच्या दिवसांत वाघाच्या हालचालींची माहिती पोडापोडांत रोज पोचवण्याची व्यवस्था हवी. फाटकावरच्या मार्गदर्शकाला कालच्या वाघाचा ठावठिकाणा माहीत असतो, कारण पर्यटकाला तो दाखवायचा असतो. तीच माहिती पोडावर पोचवायला फार यंत्रणा लागत नाही. वाघ गावाजवळ आला की धावून जाणाऱ्या प्राथमिक बचाव दलात गावचीच मुले असतात, त्यांच्या हाती फोनही असतात.

रब्बीतली ओलिताची रात्र हा दुसरा धोका. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. हरभरा-गव्हाला पाणी द्यायला शेतकरी बारा-एकला बॅटरी घेऊन निघतो, नाल्याकाठची मोटर सुरू करतो आणि तिथेच बसतो. वाघही त्याच वेळी नाल्याने चालत असतो. वाघाच्या वाटेवरच्या गावांना दिवसा वीज द्या, ही मागणी विदर्भात जुनी आहे. तिला संवर्धन संस्थांचा आवाज हवा तेवढा मिळालेला नाही. दिवसाच्या विजेने किती वाघ आणि किती माणसे वाचतील याचा हिशेब एखाद्या मोठ्या संस्थेने मांडला तर तो सरकारला टाळता येणार नाही. कुंपणाचेही तसेच. खांबावरून आकडा टाकून तारेत सोडलेला थेट प्रवाह रानडुकरालाही मारतो, वाघालाही मारतो आणि रात्री शेतात आलेल्या शेजाऱ्यालाही. त्याला पर्याय झटका मशीनचा. त्यात प्रवाह क्षणभर येतो, जनावर घाबरून मागे सरते, मरत नाही. अनुदान आहे, पण कागदपत्रे आणि हेलपाटे इतके की आकडा सोपा वाटतो. एखाद्या गावातल्या सगळ्या झटका मशीनचे अर्ज एका संस्थेने भरून दिले तर त्याने किती फास आणि किती आकडे कमी होतील, याचा प्रयोग करण्याजोगा आहे.

वाघाच्या वाटेवर आणखी मोठ्या अडचणी आहेत. वणी परिसरात कोळसा खाणी आहेत आणि त्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर वाढलेल्या झुडपांत वाघ राहू लागलेत. मुकुटबनजवळ सिमेंट कारखाना उभा राहिला, त्यासाठी वनजमीन दिली गेली. महामार्ग 44 चौपदरी आहे. याच महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले आणि त्यातून वाघ जातात, हे कॅमेऱ्यांनी दाखवले आहे. पांढरकवडा-पाटणबोरी पट्ट्यातल्या वाघांनाही तोच हक्क आहे. निम्न पैनगंगा धरणाला यवतमाळ आणि नांदेड दोन्हीकडच्या गावांचा वर्षानुवर्षे विरोध आहे. त्या आंदोलनात जमीन आणि पुनर्वसनाचे प्रश्न आहेत तसाच नदीकाठच्या जंगलाचाही आहे. वाघाचे फोटो काढणाऱ्यांनी या प्रश्नांवर बोलायचे नाही असा अलिखित नियम कुठून आला, कळत नाही.

गर्दीचे परिणाम काय होतात हे पाहायला फार लांब जायला नको. 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले. चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली. शिक्षा झाली ती चालक-मार्गदर्शकांना, कारण त्यांच्यावर वाघ दाखवण्याचा दबाव होता. दबाव टाकणारे मागे बसले होते. टिपेश्वरचे रस्ते अरुंद आहेत, जंगल लहान आहे, तिथे असे व्हायला वेळ लागणार नाही.

महाराष्ट्रातच दुसरी उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. आधी घरटी राखली, गावातल्या माणसांना त्या कामात घेतले, आणि चार वर्षांनी, 2006 मध्ये कासव महोत्सव सुरू केला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, तिथलेच जेवतात. पूर्वी जी अंडी चोरली जात त्यांच्यापेक्षा पिलू समुद्राकडे जाताना पाहण्यातून जास्त मिळू लागले. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी रक्षण, मग पर्यटन. साताऱ्याच्या कास पठारावर उलटे झाले. 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आले, गर्दी लोटली आणि मग कुंपण, शुल्क, दिवसाला ठरावीक पर्यटकांची मर्यादा असे उपाय मागून करावे लागले. फिलिपिन्सने तर बोराकाय हे जगप्रसिद्ध बेट 2018 मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंदच ठेवले, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होते. टिपेश्वर आज वेळास आणि कास या दोहोंच्या मध्ये उभे आहे. गर्दी अजून हाताबाहेर गेलेली नाही. मर्यादा घालायची ती आताच घालता येईल, रिसॉर्टांची रांग उभी राहिल्यावर नाही.

पैनगंगा अभयारण्याच्या बाबतीत तर कोरी पाटीच आहे. तिथे वेळासच्या वाटेने जाता येईल. कोलाम, गोंड, आंध, बंजारा वस्त्यांमध्ये मुक्कामाची सोय, पक्षी आणि नदी पाहण्यासाठी पायी फेरी, मोहाच्या आणि बांबूच्या वस्तू, गावाच्या समितीकडे बुकिंग. वाघ दिसण्याची हमी नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे. ज्याला वाघच हवा तो टिपेश्वरला जाईल, ज्याला जंगल हवे तो इथे थांबेल. अमरावती जिल्ह्यात पायविहीरच्या गावकऱ्यांनी सामूहिक वनहक्काच्या उजाड जमिनीवर जंगल उभे केले आणि तिथल्या सीताफळांना बाजार मिळवला. शेजारच्या जिल्ह्यात जमलेले यवतमाळात जमणार नाही असे काही नाही.

माणूस दगावल्यावर राज्य सरकार 25 लाख रुपये देते. रक्कम वाढली, हे योग्यच झाले. पण माणूस दगावूच नये यासाठी त्याच गावावर दर वर्षी किती खर्च होतो, हा आकडा विचारला पाहिजे. संवर्धन संस्थांनी आता एक काम अंगावर घ्यावे. प्रत्येकीने वाघाच्या वाटेवरचे एक पोड किंवा एक गाव निवडावे आणि तिथे वेचणी, ओलित आणि मोह हे तिन्ही हंगाम पूर्ण काढावेत. दिवसाची वीज, झटका मशीन, वनहक्काचा दावा, बचाव दलाचा विमा, यांतले जे अडले असेल ते सोडवून द्यावे. वाघाच्या बाजूने उभे राहण्याचा यवतमाळमधला हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आणि टिपेश्वरला जाणाऱ्या वाचकाने तीन गोष्टी कराव्यात. मुक्काम शक्य तितका गावातल्या घरी करावा. चालकाला गाडी पुढे घ्यायला सांगू नये. आणि परत निघताना फाटकावर विचारावे की, या पैशातले किती फाटकापलीकडच्या गावांना जातात. हा प्रश्न रोज विचारला गेला तर उत्तर तयार ठेवावेच लागेल. पावसाळी सुटीनंतर ऑक्टोबरमध्ये सफारी सुरू होते. राळेगाव-पांढरकवड्याच्या शिवारात कापसाची वेचणीही त्याच महिन्यात सुरू होते.